जिथे गाडीवाट संपते, तिथून नदी निघते

राहाता, श्रीरामपूर किंवा संगमनेरकडच्या एखाद्या बागायतदाराला विचारा, "दादा, तुमच्या पाटाला पाणी कुठून येते?" तो लगेच सांगेल, "भंडारदऱ्याहून." राहुरी-नेवाशाकडचा सांगेल, "मुळा धरणातून." आता त्यालाच पुढचा प्रश्न विचारा, "आणि धरणात कुठून येते?" तो हसेल, आभाळाकडे बोट दाखवील आणि खांद्यावर फावडे टाकून दारे धरायला निघून जाईल.

त्याचे उत्तर चूक नाही, पण ते अर्धेच आहे. पाऊस आभाळातून पडतो हे खरे. परंतु पडलेला पाऊस धरून ठेवणारे, त्याची माती होऊ न देता त्याचे पाणीच राहू देणारे, आणि ते हळूहळू नदीला देणारे कोणीतरी लागते. आपल्या जिल्ह्यात हे काम अकोले तालुक्यातले डोंगर आणि त्यांच्या अंगावरचे रान करते. या रानाचे सरकारी नाव कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. आपल्यापैकी पुष्कळांनी कळसूबाईला नवस बोलला असेल, हरिश्चंद्रगडावर शिवरात्र केली असेल. पण हे रान म्हणजे काय, त्यात कोण राहते आणि त्याचा आपल्या शेताशी काय संबंध, हे एकदा सावकाश समजून घेऊ.

जिल्ह्याचे छप्पर

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, आकाराने राज्यात सर्वांत मोठा. त्याच्या नकाशात पश्चिमेचे टोक पाहा. तिथे सह्याद्रीचा कणा जातो. उत्तरेला कळसूबाईची रांग. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट उंच. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. त्याच रांगेत नाशिक जिल्ह्याच्या सीमेवर अलंग, मदन, कुलंग हे तीन बेलाग किल्ले. मध्ये रतनगड. दक्षिणेला हरिश्चंद्रगड, त्याचे तारामती शिखर आणि कोकणात सरळ कोसळणारा अर्धगोल कोकणकडा. या सर्व मुलखाला १९८६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचा विस्तार साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि भंडारदरा व राजूर अशा दोन वनपरिक्षेत्रांतून त्याचा कारभार चालतो.

आता पावसाचा हिशेब पाहा. पारनेर, कर्जत, जामखेडकडे चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर आपण वर्ष बरे गेले म्हणतो. त्याच जिल्ह्यात घाटघर आणि रतनवाडीला पाच हजार मिलिमीटर पाऊस झालेली वर्षे आहेत. एकाच जिल्ह्यात दहापट फरक! समुद्रावरून आलेले ढग या भिंतीवर आदळतात, पश्चिमेला रिते होतात आणि उरलेसुरले आपल्या वाट्याला येतात. घाटाच्या सावलीतला प्रदेश कोरडा का, याचे हे सरळ कारण. म्हणूनच त्या छपरावर पडलेले पाणी खाली कसे उतरते, याच्याशी आपली गाठ आहे.

प्रवरा निघते रतनगडाच्या कुशीत. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या जुन्या देवळाजवळून ती भंडारदऱ्याच्या जलाशयात उतरते. हे धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. अकरा अब्ज घनफूट पाणी त्यात मावते. पुढे रंधा धबधबा, निळवंडे धरण आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेले डावे-उजवे कालवे. मुळा निघते हरिश्चंद्रगडाच्या रांगेत. आंबित, कोतूळकडून वाहत ती राहुरी तालुक्यात सव्वीस अब्ज घनफुटांचे धरण भरते आणि पुढे प्रवरेला मिळते. प्रवरा गोदावरीला मिळते आणि ते पाणी जायकवाडीला जाते. ज्या पाण्यावर १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ रोवली गेली, ज्या प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते सगळे पाणी या एका रानातून उतरलेले आहे.

पायवाटेचे राज्य

या अभयारण्याचे वैशिष्ट्य असे की त्याच्या पोटात गाडी शिरत नाही. बारी, रतनवाडी, घाटघर, साम्रद, पाचनई या गावांपर्यंत रस्ते गेलेले आहेत. गावे आहेत, शेते आहेत, शाळा आहेत. पण गावाची वेस ओलांडून डोंगराला भिडलात की पुढे माणसाचे पाय आणि बैलाचे खूर एवढीच वाहने.

कळसूबाईला बारी गावातून चढतात. अवघड जागी लोखंडी शिड्या लावल्या आहेत. नवरात्रात आयाबाया त्याच शिड्यांनी देवीला जातात. हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून जाता येते, किंवा जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरकडून तोलार खिंडीने. अलंग-मदनच्या कड्यांवर दोराशिवाय जाता येत नाही. साम्रदजवळ सांधण दरी आहे. तिथे डोंगराला उभी चीर पडावी तशी घळ आहे. काही जागी दोन्ही भिंतींना हात टेकतील इतकी अरुंद, आणि तळाशी ऊन क्वचितच पोचते. कोकणकड्यावर पावसाळ्याच्या तोंडाला किंवा अखेरीला, खाली दरीत ढग आणि पाठीशी सूर्य असला तर, इंद्रधनुष्याचे पुरते कडे दिसते. त्याला इंद्रवज्र म्हणतात.

रस्ता नाही, ही आपल्याला गैरसोय वाटते. आजारी माणूस झोळीत घालून खाली आणावा लागतो, तेव्हा ती खरोखरच गैरसोय असते. गावाला रस्ता हवाच. पण गावाच्या पलीकडचा डोंगर रस्त्यावाचून राहिला म्हणूनच तिथले झाड ट्रकमध्ये चढले नाही. रात्रीचा अंधार अंधारच राहिला. जनावराला माणसाच्या वाऱ्याला न लागता पिले वाढवायला जागा उरली. रस्ता आला की त्याच्या मागोमाग काय काय येते, ते आपण आपापल्या गावच्या माळांवर आणि टेकड्यांवर पाहिलेलेच आहे.

या रानात हिरडा, बेहडा, जांभूळ, आवळा, ऐन, उंबर ही झाडे आहेत. उतारांवर करवंदाच्या जाळ्या आणि कारवी आहे. कारवीची गोष्ट शेतकऱ्याने मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. हे माणसाच्या उंचीचे झुडूप. गावकरी म्हणतात, कारवी सात वर्षांनी फुलते. एकदा फुलली की डोंगरच्या डोंगर निळा-जांभळा होतो, मधमाश्यांची चंगळ होते, आणि बी धरल्यावर ती सगळी कारवी एकदम वाळून जाते. पुढच्या पावसात त्याच बियांतून नवी पिढी उगवते. तिच्या काठ्यांचे कूड गावोगाव दिसतात. पण तिचे मोठे काम वेगळेच आहे. जिथे मोठे झाड उभे राहू शकत नाही अशा तीव्र उतारावर कारवी दाट वाढते आणि धो धो पावसात माती जखडून ठेवते. आपण शेतात बांध घालतो ना, तशी कारवी म्हणजे डोंगराने स्वतः घातलेला बांध.

रानातले रहिवासी

पट्टेदार वाघ आज या रानात नाही, हे प्रथम सांगतो. पूर्वी होता याची खूण दगडात राहिली आहे. तोलार खिंडीत वाघाचे कोरीव शिल्प आहे. आज इथला मोठा शिकारी म्हणजे बिबट्या. त्याच्याविषयी पुढे स्वतंत्र सांगायचे आहे.

दाट झाडीत शेकरू राहते. ही मोठी खार, तांबूस अंगाची आणि झुपकेदार शेपटीची. महाराष्ट्राचा राज्यप्राणी तीच. ती सहसा जमिनीवर उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उड्या मारीत जाते आणि उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचे घरटे बांधते. म्हणजे शेकरू दिसले तर समजावे की तिथे झाडाला झाड लागून आहे. मधली चार झाडे तोडली की तिचा रस्ता मोडला. रस्ता आपल्यालाच लागतो असे नाही!

भेकर लाजाळू. त्याचा आवाज कुत्र्याच्या भुंकण्यासारखा. रात्री रानात अचानक भेकर ओरडू लागले की जाणती माणसे म्हणतात, बिबट्या हलला. सांबर, रानडुक्कर, साळिंदर, उदमांजर, कोल्हा, मुंगूस, घोरपड, वानर हीही मंडळी इथे आहेत. पहाटे ओढ्याच्या काठी एखाद्या पोराने मजेत शीळ घालावी तशी शीळ ऐकू आली तर पोर शोधू नका. तो शीळकरी कस्तुर पक्षी.

तरसाला आपण उगाच बदनाम केले आहे. दिसायला कुरूप, चालायला लंगडल्यासारखे, म्हणून त्याच्या माथी नाना गोष्टी मारल्या. प्रत्यक्षात ते मेलेली जनावरे आणि हाडे खाऊन शिवार साफ करते. तेच काम आभाळातून गिधाडे करीत. सह्याद्रीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. पूर्वी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की घटकाभरात शे-दीडशे गिधाडे उतरत. १९९०च्या दशकापासून देशभर ती झपाट्याने मेली. शंभरातली पंचाण्णवाहून अधिक गेली. कारण पुढे उमगले. गाई-बैलांना ताप-सुजेवर डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन देत, आणि तसे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाल्लेली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांवरही आली. तुमच्या गोठ्यात डॉक्टर आले की विचारा, "गिधाडाला चालणारे औषध द्या." मेलॉक्झिकॅम हे त्यांतले एक. एवढ्या एका वाक्याने तुम्ही कोकणकड्यावरच्या पक्ष्याचा जीव वाचवू शकता.

आणि काजवे. मेअखेरीस वळवाचे चार थेंब पडले की भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर हजारो काजवे एका तालात उजळतात आणि एका तालात विझतात. हा दिवाळीसारखा सोहळा दोन-तीन आठवड्यांचा. पण काजव्याचे खरे आयुष्य त्याआधी जमिनीत गेलेले असते. त्याची अळी कित्येक महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात राहते आणि गोगलगायी खाते. गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही अळी किती मोलाची ते सांगायला नको. आता हा उजेड पाहायला शहरातून शेकड्यांनी मोटारी येतात. त्यांच्या दिव्यांच्या झोतात काजव्याला जोडीदाराचा उजेड दिसेनासा होतो, आणि बुटांखाली झाडाजवळची अंडी घालणारी मादी चिरडते. उजेड पाहायला येऊन उजेड विझवण्याचा हा प्रकार आहे.

बिबट्या: रानातला आणि उसातला

आता तुमच्या मनातला प्रश्न. तुम्ही म्हणाल, "साहेब, अभयारण्य केले, जनावरे वाढली आणि ती आमच्या उसात उतरली. तुमच्या रानाचे कौतुक आम्ही कशाला करायचे?"

हा प्रश्न रागाचा आहे आणि रागाला कारण आहे. नगर, पुणे, नाशिक या तिन्ही जिल्ह्यांत अलीकडच्या वर्षांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. त्यांत लहान मुले आहेत. ज्या घरातले पोर गेले त्या घराला निसर्गाचे गोडवे सांगू नयेत. पण उपाय शोधायचा तर खरे काय ते पाहावे लागेल.

अकोले गावाभोवतालच्या बागायती पट्ट्यात, म्हणजे अभयारण्यात नव्हे तर उसात आणि वस्तीत, शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून पाहणी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकीच तरसे तिथे निघाली. म्हणजे हे बिबटे रानातून चार दिवसांसाठी आलेले पाहुणे नव्हेत. ते तिथेच राहतात. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. त्यात सावली आहे, जवळ पाटाचे पाणी आहे आणि वस्तीवर कुत्री आहेत. बिबट्याच्या मादीला याहून अधिक काय हवे? उसात जन्मलेल्या पिलाला ऊस हेच रान.

तो खातो काय, हेही विष्ठा तपासून पाहिले गेले. ते निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आहारात वजनाने चाळीस टक्क्यांच्या आसपास कुत्री निघाली. शेळ्या मात्र अकरा टक्क्यांच्या आसपास, आणि त्या भागात शेळ्या तर कुत्र्यांच्या सातपट होत्या! असे का? शेळी दिवसा राखणीत आणि रात्री कोंडलेली असते. कुत्रे रात्रभर मोकळे. यातला धडा स्पष्ट आहे. पक्का गोठा बिबट्याला थांबवतो, आणि मोकाट कुत्री त्याला बोलावतात.

मग पकडून दूर सोडले तर? याचाही अनुभव घेऊन झाला आहे. शेजारच्या जुन्नर भागात २००१ सालापासून बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडू लागले. पूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले, बिथरलेले जनावर काय करील हे सांगता येत नाही. आणि ते सोडलेल्या जागी राहतही नाही. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक वयस्क बिबट्या विहिरीत सापडला. शांत स्वभावामुळे त्याचे नाव 'आजोबा' पडले. त्याच्या गळ्यात उपग्रहाचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. तो महामार्ग ओलांडून, रेल्वेमार्ग ओलांडून, वस्त्यांच्या कडेकडेने, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत त्याने एकाही माणसाला बोट लावले नाही. २०११ साली तो मेला, तोही मोटारीच्या धडकेने. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला.

याचा अर्थ पिंजरा कधी लावूच नये असा नाही. माणसावर हल्ला करणारे जनावर पकडलेच पाहिजे. पण दिसला बिबट्या की लाव पिंजरा, याने प्रश्न सुटत नाही. एक बिबट्या नेला की मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरा येतो, आणि तो कदाचित तरणा, उनाड असतो.

डोंगरातली महादेव कोळी आणि ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या बिबट्याच्या शेजारी राहिली आहेत. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गाय-वासराची पूजा करतो. त्याच दिवशी अकोल्याच्या डोंगरात वाघबारस होते. गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुरे सांभाळ म्हणून साकडे घालतात. एकाच तिथीला गाय आणि वाघ! ही भाबडी समजूत म्हणून सोडून देऊ नका. नैवेद्य दाखवणारा गुराखी काठी घरी ठेवून रानात जात नाही. देवही मानायचा आणि सावधही राहायचे, असा तो जुना व्यवहार आहे.

धरण उशाला, कोरड घशाला

आता थोडे त्या माणसांविषयी. अभयारण्य म्हणजे निर्मनुष्य जंगल नव्हे. त्यात गावे आहेत, आणि पाण्याच्या हिशेबात त्यांचा वाटा सर्वांत कमी आहे. पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बाया डोक्यावर हंडे घेऊन झरा शोधतात. कातळावरून पाणी धावत खाली गेलेले असते. ते आपल्या पाटात आलेले असते. भात, नाचणी, वरई हे त्यांचे पीक. त्यावर रानडुकरे पडतात. पीक निघाले की पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूला उतरतात. उन्हाळ्यात बाळहिरडा वेचून चार पैसे मिळतात. हिरड्याचे झाड उभे राहिले तर दरवर्षी पैसा, तोडले तर एकदाच, हे गणित त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. काळभातासारखे वाण या डोंगरपट्ट्यातच टिकून राहिले. आपल्याकडे संकरित बियाणे आले आणि जुने वाण गेले. तिथे रस्ता उशिरा गेला, म्हणून बीही उरले आणि रानही उरले.

एका गोष्टीत मात्र विस्तार कार्यकर्ता म्हणून मला बोलले पाहिजे. ती म्हणजे राब. भाताच्या रोपासाठी झाडांच्या फांद्या तोडून, शेण-पाला पसरून वाफा भाजतात. तण मरते, राख मिळते, हे खरे. पण दरवर्षी झाड ओरबाडले जाते, आणि ठिणगी उडाली तर वणवा लागतो. त्याऐवजी गादीवाफा करून त्यात भाताच्या तुसाची राख मिसळली तर रोप टणक येते. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीत गाडला तर खताचा खर्च वाचतो. १५ आणि २५ सेंटिमीटर असे आलटून-पालटून अंतर धरून दोरीवर लावणी करावी आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची गोळी खोचावी. ही चारसूत्री भातलागवड आता कोकणात आणि मावळात चांगली रुळली आहे. त्यात पीकही वाढते आणि झाडही वाचते.

वणव्याविषयी एक गैरसमज आहे. डोंगर जाळला की गवत चांगले येते असे म्हणतात. पहिल्या पावसात हिरवे दिसते, म्हणून तसे वाटते. पण जळालेल्या उतारावर पालापाचोळा नसतो, पाणी मुरत नाही, माती वाहते आणि थेट धरणात जाऊन बसते. हिरड्याची रोपे, काजव्यांची अळी, जमिनीवरची घरटी सगळे भाजून निघते. दोन महिन्यांच्या गवतासाठी दहा वर्षांचे रान जाळणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

आपण काय करावे

रान वाचवा असे सांगून लेख संपवणे सोपे आहे. पण घरी बसून करता येतील अशा गोष्टी सांगितल्या तर उपयोग होईल.

१. गुरे, शेळ्या रात्री बंद गोठ्यात ठेवा. नुसते कुंपण पुरत नाही. वर छप्पर आणि चारही बाजूंनी जाळी हवी.

२. उसाची लागण घराच्या भिंतीपर्यंत आणू नका. मध्ये मोकळी पट्टी ठेवा. लहान मुलांना तिन्हीसांजेनंतर उसाकडेला एकटे पाठवू नका. अंगणात दिवा ठेवा.

३. रात्री पाणी भरायला जाताना बरोबर सोबती, काठी, बॅटरी असू द्या. मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जा. उसाकडेला वाकून, बसून काम करणे टाळा. दिवसा वीज मिळावी ही मागणी ग्रामसभेत लावून धरा, कारण बिबट्यापासून जपण्याचा तो मोठा उपाय आहे.

४. मेलेल्या कोंबड्या, उरलेसुरले मांस वस्तीजवळ टाकू नका. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

५. विहिरीला कठडा बांधा. तोंडाशी सपाट असलेल्या विहिरीत बिबटे, तरस, कोल्हे पडतात. आपली गुरे आणि पोरेही पडतात.

६. ऊसतोडीत पिले सापडली तर उचलून फोटो काढू नका, गावभर मिरवू नका. तोड थांबवून वनखात्याला कळवा. पिले त्याच जागी राहू दिली तर आई रात्री येऊन घेऊन जाते. पिले नेली तर ती आसपास चवताळून फिरते.

७. जनावर मारले गेले तर ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवा. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर हलवू नका. रानडुकरांनी पीक खाल्ले तर तीन दिवसांच्या आत अर्ज करा. कागद वेळेत गेला नाही म्हणून भरपाई बुडाली, असे होऊ देऊ नका. वनखात्याचा मदतीचा क्रमांक १९२६. भंडारदरा धरण पुरे झाले ते साल लक्षात ठेवा, म्हणजे क्रमांक विसरणार नाही.

८. अभयारण्यात सहलीला जरूर जा, मुलांना न्या. पण पाचनई, रतनवाडीच्या घरी जेवा, तिथलाच वाटाड्या घ्या, चार पैसे तिथे राहू द्या. प्लास्टिक परत आणा. काजव्यांच्या दिवसांत मोटार गावाबाहेर थांबवा, बॅटरी मालवा, झाडापासून दूर उभे राहा. कोकणकड्याच्या टोकावर धीटपणा दाखवू नका.

९. ज्या गावांना पाटाचे पाणी मिळते, त्यांच्या पाणीवापर संस्थांनी, सोसायट्यांनी, कारखान्यांनी डोंगरातल्या एखाद्या वाडीला पाण्याची टाकी, झऱ्याची दुरुस्ती किंवा वणवा रोखायच्या जाळरेषेच्या कामात हात द्यावा. हे दान नव्हे. पाणीपट्टीचा राहिलेला हप्ता आहे.

आपल्यात म्हण आहे, खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी. नदीच्या बाबतीत आपण आजवर तुपाचाच विचार केला. लोणी कुठे निघते ते पाहिले नाही. रतनगडाच्या कुशीत, हिरड्याच्या सावलीत, जिथे बैलगाडीचे चाकही पोचत नाही, तिथे पावसाचे पाणी पाचोळ्यात मुरते. शेकरू वर घरटे बांधते, कारवी खाली माती धरते आणि बिबट्या भेकराला पुढे हाकीत राहतो, म्हणजे कोवळी रोपटी एकाच जागी खुडली जात नाहीत. या सगळ्यांच्या कामाचा पगार कोणी देत नाही. पाटाला पाणी आले की तो पगार आपण घेतलेला असतो.

उद्या दारे धराल तेव्हा वाफ्यात येणारे पाणी ओंजळीत घेऊन पाहा. ते गढूळ असेल तर वर डोंगरावर माती सुटते आहे असे समजा. ते निवळ असेल तर समजा की छप्पर अजून शाबूत आहे.